श्रीलंका दिवाळीत की मे महिन्यात? पाऊस नक्की कुठल्या बाजूला असतो?

वळीव
नमस्कार मंडळी, श्रीलंकेचा विचार चाललाय. आम्ही पाच जण, मी, नवरा, दोन मुली (९ आणि १३) आणि सासूबाई, वय ६९, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. सुट्टी दिवाळीची धरलीये. एजंटने ७ रात्रींचा प्लॅन पाठवलाय, कोलंबो - त्रिंकोमाली - सिगिरिया - कँडी - नुवारा एलिया - एल्ला - याला (अभयारण्य) - बेंटोटा - परत कोलंबो. नकाशात देश एवढासा दिसतो, महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा, म्हटलं होईल की. पण घोळ असा झालाय की माझी मैत्रीण मागे जूनमध्ये जाऊन आली तर बीचवर लाल झेंडे आणि चार दिवस हॉटेलच्या खोलीत पत्ते. आणि तिचीच नणंद, त्याच जूनमध्ये, दुसऱ्या बीचवर, फोटोत नुसतं ऊन! एवढ्याशा बेटावर एकाच महिन्यात दोन हवामानं कशी काय? गूगलवर एक जण म्हणतो डिसेंबर ते मार्च या, दुसरा म्हणतो मे ते सप्टेंबर, तिसरा म्हणतो वर्षभर कधीही या, तो हॉटेलवाला निघाला.

माझंही_तिकीट_काढा
वाचतोय. आम्हालाही जायचंय. जागा पकडून बसलो.

बेटावरचा_पाहुणा
वळीवताई, नोकरीपायी पाच वर्षं कोलंबोत काढलीत त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

आधी नकाशा काढा आणि मधोमध, किंचित दक्षिणेला, डोंगराचा एक गठ्ठा दिसेल त्यावर बोट ठेवा. सगळा खेळ त्या गठ्ठ्याचा आहे. आपल्याकडे सह्याद्री काय करतो? जुलैत महाबळेश्वरला छत्री उलटी होते आणि तिथून खाली उतरून फलटण-माणकडे गेलात की लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले. तिथेही तेच. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत वारा नैऋत्येकडून, म्हणजे कोलंबो, बेंटोटा, गॉल, रत्नपुरा हे सगळं तिथलं कोकण समजा. ढग डोंगराला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत तोच वारा कोरडा आणि तापलेला होतो, बट्टिकलोआच्या बाजूला त्याला कच्चान म्हणतात, दुपारी अंगावर आला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. तर तुमची मैत्रीण जूनमध्ये कोकणात गेली आणि तिची नणंद देशावर. दोघी खऱ्या.

पण सह्याद्रीची उपमा इथपर्यंतच चालते. कारण लंकेच्या पूर्वेला दुसरी पाळी मिळते. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा उलटा, ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून ओला होऊन येतो आणि मग पाऊस त्रिंकोमाली-बट्टिकलोआला, आणि दक्षिणेच्या गॉल-मिरिसाकडे निळं पाणी, शांत समुद्र. शेतकऱ्यांचे भाताचे हंगामसुद्धा यावरच, महा आणि यल, महा म्हणजे ईशान्येच्या पावसावरचा मोठा आणि यल नैऋत्येच्या पावसावरचा धाकटा.

आता तुमची दिवाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दोन मान्सूनच्या मधला काळ. मधला म्हणजे कोरडा असेल असं वाटतं ना, तिथेच लोक फसतात. या दिवसांत पाऊस बाजूबिजू बघत नाही, जवळजवळ सगळ्या बेटावर पडतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोन-तीनला काळंकुट्ट, गडगडाट, धो धो, संध्याकाळी परत चकाचक. वळीव हो, तुमचंच नाव! तेवढंच असतं तर चाललं असतं, पण उपसागरात कमी दाबाचा पट्टा बसला की दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही आणि घाटात दरडी. चक्रीवादळंही मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडून येतात, १९७८ च्या नोव्हेंबरात बट्टिकलोआ असंच उद्ध्वस्त झालं होतं. दिवाळीत जाऊच नका असं म्हणत नाही, पण बीचसाठी पैसे भरत असाल तर दिवाळी हा जुगार आहे.

वळीव
अरे देवा. एजंट म्हणाला होता "ऑक्टोबर म्हणजे शोल्डर सीझन मॅडम, डिस्काउंट मिळेल". आत्ता कळलं डिस्काउंट कशाचा ते.

चहाचा_कप
पाहुणे मस्त लिहिलंत. चहावाल्यांना विचारा, ते हीच गोष्ट कपात दाखवतील. डोंगराच्या पश्चिम उताराला दिंबुला, पूर्वेच्या उताराला उवा. दिंबुलाचा सगळ्यात चांगला चहा जानेवारी ते मार्च, उवाचा जुलै ते सप्टेंबर. कारण? ज्या बाजूला ज्या वेळी कोरडा थंड वारा त्या बाजूचं पान हळू वाढतं आणि वास पकडतं. एकच डोंगर, दोन बाजू, दोन सीझन. आणि गंमत म्हणजे हे सगळं आधी कॉफीचं होतं, १८६९ पासून पानावर तांबेरा पडला आणि काही वर्षांत कॉफी संपली, चहाची पहिली मोठी लागवड १८६७ मध्ये होऊन गेलेली होती म्हणून मळेवाले वाचले. मळ्यात राबायला माणसं तमिळनाडूतून नेली, आजही नुवारा एलियाच्या बाजूला तमिळ कानावर पडतं ते त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचं. चहा विकत घेताना नुसतं सिलोन टी नका मागू, कुठल्या उताराचा ते विचारा, दुकानदार लगेच सरळ बसतो.

सह्यकडा
भटक्या म्हणून सांगतो, श्रीपाद म्हणजे अ‍ॅडम्स पीक सोडू नका, तिथला सगळ्यात उंच डोंगर. रात्री दोनला चढायला लागायचं, वर सूर्योदय, आणि डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेला ढगांवर पडते. बास!

बेटावरचा_पाहुणा
सावली एकदम बरोबर, उंचीचं नाही. श्रीपाद २२४३ मीटर, सगळ्यात उंच पिदुरुतलागला २५२४ मीटर, नुवारा एलियाच्या डोक्यावरच आहे पण वर टॉवर आणि लष्कर, म्हणून कुणी नाव घेत नाही. श्रीपाद सुटा उभा आहे त्यामुळे उंच वाटतो. आणि यात्रेचा काळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वेसाक पौर्णिमेपर्यंत (आपली बुद्धपौर्णिमा), तेव्हाच पायऱ्यांवर दिवे आणि चहाच्या टपऱ्या. बाकी महिन्यांत अंधार, वारा आणि जळवा. सासूबाईंना तर विचारूच नका.

सह्यकडा
चूक मान्य. उत्साहाच्या भरात उंची वाढवली.

घाटावरची_मावशी
वळीव, थंडीचे कपडे घे गं. मी "उष्ण कटिबंध, विषुववृत्ताजवळ" असं म्हणत नुसते कॉटनचे कुडते घेऊन गेले आणि नुवारा एलियाला हॉटेलची दोन ब्लँकेटं अंगावर घेऊन जेवले. १८६८ मीटरवर आहे ते गाव, आपलं कळसूबाई १६४६! म्हणजे तिथला बाजार, पोस्ट ऑफिस, सगळं महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे गवतावर दव गोठतं. आणि तिथून तीन-चार तास गाडीने खाली याला अभयारण्याकडे उतरलं की परत घामाच्या धारा. बॅग दोन ऋतूंची भरायची.

वळीव
मावशी हे फारच कामाचं. मग अंतराचं काय? एजंटचा प्लॅन ७ रात्रींत होईल का?

गाडीवान
नाही होणार. मी तिथे गाडीने १२ दिवस फिरलोय. किलोमीटर बघूच नका, तास विचारा. कोलंबो-कँडी ११५ किमीच्या आसपास, आपल्याला वाटतं दोन तास, लागतात तीन-साडेतीन. कँडी-नुवारा एलिया ऐंशीसुद्धा नाही पण चढणीचा रस्ता, वळणंवळणं, मध्ये धबधबे, मुलींना उलट्या, धरा तीन. तुमच्या एजंटने पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनारा, मग डोंगर, मग परत पश्चिम किनारा असा झिगझॅग काढलाय, सात रात्रींत आठ ठिकाणं, निम्मी ट्रिप सीटबेल्ट लावून होईल. दक्षिणेला एक्सप्रेसवे आहे, कोलंबोबाहेरून गॉलला तासाभरात, म्हणून तो तुकडा तेवढा झटपट. अजून एक, विमानतळ कोलंबोत नाही, काटुनायकेला आहे, निगंबोच्या शेजारी. सिगिरिया-कँडीकडे जायचं असेल तर कोलंबोत शिरायची गरजच नाही, निगंबोला झोपा आणि सकाळी तसेच वर निघा.

माझंही_तिकीट_काढा
आणि ती फेमस ट्रेन? निळी, दारात लटकलेली माणसं?

गाडीवान
कँडी ते एल्ला, सहा-सात तास. लटकू नका, खरंच पडतात लोक. सासूबाई असतील तर नानुओयापासून बसा, तो नुवारा एलियाचा स्टेशन (गावात स्टेशन नाही, टुकटुकने जावं लागतं), तिथून एल्ला तीन-साडेतीन तास आणि सगळ्यात भारी तुकडा तोच. पत्तिपोला स्टेशन १८९० मीटरच्या वर, तेही ब्रॉडगेज! तिथला बोगदा ओलांडलात की ओला पश्चिम उतार संपतो आणि उवाची बाजू सुरू, कित्येकदा अलीकडे धुकं आणि पलीकडे ऊन. पाहुण्यांनी वर जे लिहिलंय ते खिडकीतून बघायचं असेल तर हाच तो बोगदा. पुढे देमोदराला रूळ स्वतःखालूनच जातात, उतार सांभाळायला गोल फिरवलेत. मात्र मुसळधार पावसात दरडी येऊन लाइन बंद पडते, तेव्हा निघायच्या आधी चालू आहे का विचारून घ्या.

निवृत्त_भूगोल
धागा उशिरा वाचला. शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा बोलल्याशिवाय राहवत नाही.

वर सगळे डोंगर आणि बीच बोलताहेत, पण बेटाचा बराच मोठा भाग, उत्तर आणि पूर्व, सपाट आणि कोरडा आहे. कोरडा म्हणजे राजस्थान नव्हे. अनुराधापुरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पुण्यापेक्षा जास्तच. पण पडतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत आणि मग महिनोन्महिने काही नाही, उष्णता इतकी की उघडं पाणी उडून जातं. अशा जागी हजाराहून जास्त वर्षं राजधान्या कशा टिकल्या? तलावांवर. तिथे वेव म्हणतात. तिसऱ्या शतकातल्या महासेनाचा मिन्नेरिया, पाचव्या शतकातल्या धातुसेनाचा कला वेव, बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहूचा पोलोन्नरुवाचा पराक्रम समुद्र. पावसाचं पाणी उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचं नाही हे त्याचं धोरण. कला वेवहून अनुराधापुरला पाणी नेणाऱ्या कालव्याचा सुरुवातीचा उतार मैलाला सहा इंच इतकाच आहे, दुर्बिणी नसताना. मी त्या बांधावर उभा राहून पोरासारखा खूश झालो होतो, बायको गाडीत बसून कंटाळली.

हे प्रवाशाच्या कामाचं अशासाठी की हत्ती. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाचं पाणी आटतं, मोकळ्या झालेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि आसपासच्या रानातले हत्ती तिथे जमतात, शंभर-दोनशेसुद्धा. तिथल्या हत्तींचं वेळापत्रक सतराशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या धरणावर चाललंय. डिसेंबरात गेलात तर तलाव तुडुंब, गवत पाण्याखाली, हत्ती रानात. मग ड्रायव्हर शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूला नेतो.

वळीव
सर, मुलीला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणते पुस्तकात असं का नसतं.

निवृत्त_भूगोल
पुस्तकात मीही नव्हतो लिहायला, म्हणून :)

जाफनाप्रेमी
उत्तरेचं कुणी नावच काढत नाही म्हणून मी. जाफना वेगळाच देश वाटतो. पूर्ण सपाट, खाली चुनखडीचा दगड, एकही बारमाही नदी नाही, सगळा कारभार विहिरींवर. पावसाचं गोडं पाणी दगडात मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, जास्त उपसा केला की खालचं खारं वर येतं आणि विहीर बाद. तांबडी माती, त्यावर कांदा, तंबाखू, मिरची आणि जिकडे बघाल तिकडे ताडाची झाडं. भाषा तमिळ, देवळं गोपुरांची. यादवी युद्धामुळे अनेक वर्षं तुटलेली रेल्वे २०१४ ला परत जाफन्यापर्यंत आली. हत्तीखिंड, म्हणजे एलिफंट पास, तिथून गाडी जाते तेव्हा दोन्हीकडे उथळ खाजण आणि मिठागरं, त्या चिंचोळ्या पट्टीने द्वीपकल्प बाकी बेटाला चिकटलंय. पहिल्याच ट्रिपला जा असं म्हणणार नाही, पण ज्याला हिरवं बघून कंटाळा आलाय त्याने जरूर.

शंकेखोर
सगळं ठीक पण रामसेतूबद्दल एक अक्षर नाही? धाग्याचा कल दिसतोच आहे.

जाफनाप्रेमी
कल बिल काही नाही हो. मन्नार बेटापासून रामेश्वरच्या बाजूपर्यंत सुमारे ४८ किमी वाळू आणि चुनखडीचे उथळ पट्टे आहेत, श्रद्धा ज्याची त्याची. १९६४ च्या वादळात धनुष्कोडी गेलं तोवर तिकडून तलैमन्नारला बोट होती, पलीकडे आगगाडी वाट बघत उभी असायची.

बेटावरचा_पाहुणा
शंकेखोर, वाद दुसऱ्या धाग्यावर न्या प्लीज, इथे ताईंना तिकीट काढायचंय. पण त्या उथळ पाण्याचा एक परिणाम सांगतो. तिथून मोठी जहाजं जात नाहीत त्यामुळे मुंबईहून चेन्नईला समुद्राने जायचं तर सगळ्या लंकेला वळसा. पूर्व-पश्चिमेचा मोठा जहाजमार्गही दक्षिण टोकाजवळूनच. आणि नेमकं तिथेच, मिरिसासमोर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो म्हणून निळे देवमासे किनाऱ्याजवळ दिसतात. नोव्हेंबर ते एप्रिल. देवमाशाच्या मागे क्षितिजावर कंटेनरची जहाजं, असा फोटो माझ्याकडे आहे, बघून छान वाटत नाही, जहाजांचे धक्के लागून मरतात बिचारे.

घाटावरची_मावशी
सासूबाईंसाठी बोला ना कुणीतरी. सिगिरियाला १२०० च्या आसपास पायऱ्या आहेत, शेवटच्या लोखंडी, उघड्यावर, वारा. माझ्या आईला आम्ही खाली बागेत बसवलं, पाण्याचे हौद, कारंजी, सगळं कश्यप राजाच्या वेळचं म्हणजे पाचव्या शतकातलं, तिने तिथेच चिवडा खाल्ला आणि खडकाकडे बघत बसली, आम्ही हाशहुश करत खाली आलो तर म्हणाली खालून जास्त चांगलं दिसतं. पोलोन्नरुवा, अनुराधापुर सपाट, त्यांना झेपेल. फक्त स्तूपापाशी चप्पल काढावी लागते आणि दगड तापतात, जाडे मोजे ठेव. आणि शाकाहारी असतील तर पोल सांबोलमध्ये उंबलकड आहे का विचार, वाळवलेला मासा असतो तो, नारळाच्या चटणीत दिसतही नाही. म्हशीचं दही आणि किथुलचा पाक मात्र डोळे मिटून. किथुल म्हणजे आपला भेरली माड!

माझंही_तिकीट_काढा
गावांची नावं लक्षात राहत नाहीत राव, सगळी सारखीच वाटतात.

निवृत्त_भूगोल
मोडून वाचा. गल म्हणजे खडक, कंद म्हणजे डोंगर, वेव तलाव, ओय ओढा, गम गाव, तोट बंदर, दूव बेट. गंगा म्हणजे कुठलीही नदी, महावेली गंगा त्यातली सगळ्यात लांब, ३३५ किमी, उगम डोंगरात आणि शेवट त्रिंकोमालीच्या खाली. आता हंबनतोट, कुरुनेगल, नानुओय परत वाचा. तमिळ भागात कुळम म्हणजे तलाव, मलै म्हणजे डोंगर. नावावरूनच कळतं आपण ओल्यात आहोत की कोरड्यात, जिथे वेव आणि कुळम जास्त तिथे नदीवर भरवसा नाही.

वळीव
मंडळी, काल रात्री घरात सभा झाली. नवऱ्याने दिवाळी रद्द केली (फराळ घरीच). डिसेंबरची शेवटची सुट्टी म्हणाला पण पाहुण्यांचं वाचून लक्षात आलं की तेव्हा सिगिरियाकडेही ईशान्येचा पाऊस असतो आणि दक्षिणेची हॉटेलं महाग. मग एप्रिलची अखेर ते मेचा पहिला आठवडा? निगंबो १, सिगिरिया २, त्रिंकोमाली २, कँडी १, नुवारा एलिया २, तिथून ट्रेनने एल्ला १, मग परत. ९ रात्री. बेंटोटा आणि याला काढून टाकले. एजंटला सांगितलं तर म्हणतो "मॅडम, बेंटोटाशिवाय श्रीलंका?"

बेटावरचा_पाहुणा
त्याचं कमिशन असेल बेंटोटाला. प्लॅन चांगलाय. तोवर पूर्वेचा समुद्र शांत झालेला असतो, नैऋत्य मान्सून बहुतेक मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे येतो, आपल्या केरळच्या १ जूनच्या थोडा आधी. डोंगरात दुपारच्या सरी येणार, तेव्हा बाहेरचं सगळं सकाळी उरका. नुवारा एलियाजवळच्या हॉर्टन प्लेन्स पठाराचं वर्ल्ड्स एंड तर नऊच्या आत गाठा, साडेआठशे मीटरच्या वर सरळ कडा आहे पण नंतर खालून धुकं वर येतं आणि पांढरी भिंत बघून परतावं लागतं. मी तीनदा गेलो, एकदाच दिसलं. सिगिरियाला सकाळी सातला दारात, दहानंतर खडक तापतो. एल्लाहून विमानतळ मात्र सहा-सात तास, त्यामुळे शेवटची रात्र परत निगंबोला काढा, फ्लाइट सकाळची असेल तर नक्कीच. पौर्णिमेला दारू मिळत नाही, नवरोजींना सांगून ठेवा.

वळीव
१० रात्री मग. नवरोजींना सांगितलं, पंचांग काढून बसलेत.

माझंही_तिकीट_काढा
आमचं जुलैत ठरतंय, चार मित्र, समुद्र पाहिजे, कुठे?

गाडीवान
अख्खा धागा वाचूनसुद्धा?

माझंही_तिकीट_काढा
पूर्व. अरुगम बे. बघा, वाचलाय.

सह्यकडा
आणि सिंहराजाच्या जंगलात शिरायचं डोक्यात असेल तर जुलैत जळवा धुमाकूळ घालतात, ओला भाग आहे तो. लांब मोजे आणि खिशात मिठाची पुडी.